कोऱ्या चिठ्ठीवरची सही

मतमोजणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातला बेल वाजली आणि बाईंनी दार उघडले. दारात सिस्टर उभ्या होत्या. काल नगरपरिषदेच्या निवडणुकीत नऊ मतांनी पडलेला उमेदवार आज घराबाहेर पडणार नाही, एखादा दिवस तरी दार लावून बसेल, असे बाईंना वाटले होते. खरे सांगायचे तर तशी आशाच होती.

"पाणी गरम केलंय ना?" चप्पल काढता काढता सिस्टरनी विचारले.

"केलंय," म्हणत बाई स्वयंपाकघरात पळाल्या आणि गॅसवरून नुकतेच उतरवलेले पाणी त्यांनी पुन्हा गॅसवर चढवले.

या घरातल्या सुनेला सगळा वॉर्ड 'बाई' म्हणतो, कारण ती तिथल्याच शाळेत चौथीला शिकवते. आणि सिस्टर म्हणजे वॉर्डाच्या दवाखान्यात तीस वर्षे काढून निवृत्त झालेल्या परिचारिका. निवृत्त झाल्या त्या कागदोपत्री. इंजेक्शन, पट्टी, ताप बघणे, बाळंतिणीला दटावणे हे सगळे चालूच होते. बाईंच्या सासऱ्यांच्या पायाला साखरेच्या आजाराने जखम झाली होती आणि चार महिने सिस्टर एक दिवसाआड येऊन ती धूत होत्या.

त्या निवडणुकीला उभ्या राहिल्या त्या दवाखान्यासाठी. दवाखाना हमरस्त्याच्या पलीकडे हलवून ती जागा गोदामाला द्यायची, असे घाटत होते. गोदाम कोणाचे, तर वॉर्डाच्या विद्यमान सदस्याचे. त्यांचा सिमेंटचा धंदा, म्हणून लोक त्यांना सिमेंटवाले म्हणत. त्यांची निशाणी शिडी आणि सिस्टरची किटली.

"आज बरी दिसतेय जखम," पाण्याचे भांडे ठेवत बाई म्हणाल्या.

"दिसतेय काय? उघडू तरी द्या." सिस्टरनी कालपरवाची पट्टी सोडली, छोटी पारदर्शक मोजपट्टी लावून जखम मोजली आणि वहीत आकडा लिहिला. मोजल्याशिवाय त्यांनी त्या वहीत आजवर एक आकडा लिहिलेला नव्हता. मग मान वर करून त्या हसल्या. "बाबा, नऊ मतं! 'तुम्हालाच देतो' म्हणून दुपारभर घोरत पडलेली नऊ माणसं मी नावानिशी सांगू शकते."

सासरे हसले नाहीत. "फेरमोजणी मागितलीस म्हणे."

"मागितली. लोक हसलेही असतील. पण बरं झालं. नाहीतर आयुष्यभर मनात राहिलं असतं. आता काही नाही. आपल्या बाईच होत्या ना तपासायला!" एवढे बोलून त्यांनी कापूस उचलला.

 बाईंना त्या क्षणी जमीन दुभंगावी असे वाटले, पण घराची जमीन फरशीची होती आणि शाळेची वेळ होत आली होती.

काल काय घडले ते आता सांगायलाच हवे.

मतमोजणी शाळेच्याच सभागृहात होती. प्रत्येक टेबलावर दोन माणसे. पहिल्याने मतपत्रिका निशाणीनुसार वेगळ्या करायच्या, पन्नास-पन्नासचा गठ्ठा करायचा आणि चिठ्ठीवर सही करायची. दुसऱ्याने तो गठ्ठा सोडून एकेक कागद पुन्हा मोजायचा, निशाणी बघायची, आणि मगच त्याच चिठ्ठीवर दुसरी सही करायची. नियम इतका सरळ आहे की त्यात चुकायला जागा नाही. म्हणूनच बहुधा तो कोणी पाळत नाही.

तीन नंबरच्या टेबलावर पहिले होते करवसुलीचे कारकून. त्यांचा हात इतका चाले की कचेरीत त्यांना पटपटे म्हणत. दुसऱ्या आपल्या बाई. सकाळी पेट्या उघडायच्या आधी, चहा पिता पिता, बाईंनी चाळीस कोऱ्या चिठ्ठ्या पुढे ओढल्या आणि चाळीसही चिठ्ठ्यांवर सह्या करून टाकल्या. आजूबाजूच्या टेबलांवरही तेच चालले होते. कुणाला त्यात वावगे वाटले नाही. बाईंना तर ही युक्ती घरातूनच मिळाली होती. त्या पहिल्यांदा मोजणीला निघाल्या तेव्हा सासऱ्यांनी सांगितले होते, "आधी सह्या उरकून घे पोरी, म्हणजे दुपारी बोटं मोडत नाहीत." सासरे नगरपरिषदेचे निवृत्त हेडक्लार्क. बावीस निवडणुकांची मोजणी त्यांच्या देखरेखीखाली झाली आणि एकदाही आकडा बदलला नाही, हे ते पाहुण्यांना चहाच्या आधी सांगत.

तर काल पटपटे गठ्ठा करत होते आणि बाई त्याला आधीच सही केलेली चिठ्ठी लावून रबर चढवत होत्या. दुपारी तीनच्या सुमारास शिडीच्या एका गठ्ठ्याला रबर चढवताना तो हातात उलटा झाला. सगळ्यात खालच्या कागदावर शिक्का किटलीवर होता.

बाईंनी तो बघितला. अगदी नीट बघितला. "अहो, हे एकदा..." त्या म्हणाल्या.

"बाई, पाचची बस गेली तर आपण इथेच मुक्काम करायचा का?" पटपटे मान वर न करता म्हणाले. शेजारच्या टेबलावरचे हसले. बाईही हसल्या. आणि त्यांनी रबर चढवले.

निकाल लागला. शिडी आठशे एक्क्याऐंशी, किटली आठशे बहात्तर. सिस्टरनी फेरमोजणी मागितली तेव्हा मोजणी अधिकाऱ्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण हुकूम दिला. फेरमोजणी अकरा मिनिटांत आटोपली, कारण मोजले ते गठ्ठे. शिडीचे सतरा, किटलीचे सतरा, वर सुटे कागद. बेरीज तीच आली. गठ्ठ्यांवर सह्या असतील तर ते सोडायचे नाहीत, ही तिथली रीतच होती. फेरमोजणी म्हणजे पूर्वी केलेल्या सह्यांची मोजणी! हे इतकी वर्षे चालत आले आणि आपण सगळे बाहेर उभे राहून गुलाल-फटाक्यांची नाही तर शिव्याशापांची तयारी करत राहिलो, आत काय मोजतात ते बघायला कोणी गेले नाही.

सिस्टरनी मात्र विचारले. "साहेब, हे गठ्ठे मोजलेत. आतले कागद?"

"ताई, चिठ्ठीवर दोन सह्या आहेत. दोन सह्या म्हणजे मोजलेलंच."

तेव्हा सिस्टर वळल्या आणि सगळ्या सभागृहादेखत त्यांनी बाईंना विचारले, "बाई, तुम्ही मोजलंत ना?"

आणि बाई म्हणाल्या, "हो."

एवढेच. एका अक्षराचे काम. सिस्टरनी लगेच मान हलवली, निकालपत्रावर सही केली आणि सिमेंटवाल्यांचे अभिनंदन करून घरी गेल्या.

त्या दिवसापासून बाईंचे कशातच लक्ष लागेना. शाळेत 'तपासले' असा शिक्का असतो. पूर्वी त्या वह्यांची चळत घेऊन तो धडाधड मारत सुटायच्या. आता एकेका वहीतले गणित पहिल्या ओळीपासून वाचू लागल्या. एका मुलीने गेल्या महिन्यातली सगळी गुणाकारांची उत्तरे चुकवलेली निघाली आणि प्रत्येक पानावर 'तपासले' होते. बाईंनी त्या मुलीला जवळ बसवून तिचा सगळा महिना पुन्हा शिकवला. तीन दिवस वर्ग पुढे सरकला नाही. शेजारच्या वर्गाच्या शिक्षिका म्हणाल्या, "काय गं, परीक्षा तुझी आहे की त्यांची?"

चौथ्या दिवशी संध्याकाळी नवऱ्याने कचेरीतून एक कागद आणला. तो नगरपरिषदेच्या पाणी विभागात लिपिक होता, म्हणून मोजणी अधिकाऱ्यांनी पत्र पोस्टाने न पाठवता त्याच्याच हाती दिले. फेरमोजणी झाली की फाईलला तपासणाऱ्यांचे प्रतिज्ञापत्र जोडावे लागते. टाईप केलेलेच होते. 'मी माझ्या टेबलावरील प्रत्येक मतपत्रिका स्वतः मोजून व पाहून मगच चिठ्ठीवर सही केली आहे.' खाली फक्त सहीची जागा मोकळी.

बाईंनी तो कागद दोनदा वाचला आणि टेबलावर ठेवला. "मी नाही करणार यावर सही."

"म्हणजे?"

"म्हणजे मी मोजलं नव्हतं."

नवऱ्याने आधी दार लावले. मग खिडकी. "अगं, कोण मोजतं? सांग ना मला, त्या सभागृहात कोणी मोजलं होतं?"

"तेच म्हणतेय मी."

"बाकीच्या सगळ्यांनी सह्या करून दिल्यात. तू एकटी नाही म्हणालीस की सगळं तुझ्यावर शेकेल. पटपटे हात वर करतील. साहेब म्हणतील, आम्हाला काय माहीत. नोकरीवर येईल अगं तुझ्या. आणि माझ्याही."

"एका गठ्ठ्याच्या तळाला किटली होती. मी बघितली. अहो, मी बघितली होती."

"एक कागद! नऊचा फरक आहे. एका कागदानं काय होतंय?"

"एकच होता हे कशावरून? मी पुढचे बघितलेच नाहीत. एकोणपन्नास असतील. किंवा एकच असेल. मला माहीत नाही, आणि मी सगळ्यांसमोर 'हो' म्हणाले."

नवरा वाईट माणूस नव्हता. वाचकांनी त्याला शिव्या घालण्याआधी जरा थांबावे, कारण असे नवरे, असे भाऊ, असे आपण स्वतः घरोघरी आहोत. तो वडिलांकडे वळला. "बाबा, तुम्ही तरी सांगा हिला."

सासरे पलंगावर पाय लांब करून बसले होते. पायाची पट्टी सकाळीच सिस्टरनी बांधलेली, पांढरीशुभ्र.  ते म्हणाले, "सही कर सूनबाई. कागदाला कागद लागतो, फाईल बंद होते. मी बावीस वेळा..." आणि तिथेच थांबले.

"बावीस वेळा काय, बाबा?"

त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवले. "काही नाही. पाय ठणकतोय."

बाईंनी त्यांना पाणी दिले. मग चप्पल घातली. "निवडणुकीविरुद्ध अर्ज करायला पंधरा दिवस असतात. चार गेले," त्या नवऱ्याला म्हणाल्या आणि बाहेर पडल्या.

सिस्टरचे घर तीन गल्ल्या पलीकडे. त्या ओट्याशी उभ्या राहून सुया उकळत होत्या. हल्ली कोणी सुया उकळत नाही, पण सिस्टर आपल्या चिमट्या-कात्र्या उकळत आणि लोक त्यालाही सुया उकळणेच म्हणत. बाईंनी उभ्या उभ्याच सगळे सांगून टाकले. कोऱ्या चिठ्ठ्या, खालचा कागद, पटपट्यांची बस, आणि तो 'हो'.

सिस्टरनी गॅस बंद केला. एवढ्या वर्षांत बाईंनी त्यांना रागावलेले खूप वेळा बघितले होते. आज त्या रागावल्या नाहीत, म्हणून बाईंना अधिक भीती वाटली.

"मी साहेबांना नव्हतं विचारलं," सिस्टर म्हणाल्या. "साहेब काय, ते कुणाचेही असतात. मी तुम्हाला विचारलं होतं."

"हो."

"आणि त्यानंतर मी दोनदा येऊन गेले तुमच्या घरी. तुम्ही मला पाणी गरम करून देत होता."

बाई रडू लागल्या. सिस्टरनी त्यांना बसा म्हटले नाही, पाणीही दिले नाही. आपली वही काढली, कोरे पान उघडले आणि पेन पुढे केले. "रडून झालं की लिहून द्या. जे बघितलं तेवढंच लिहा. जे नाही बघितलं ते अजिबात लिहू नका."

त्या एका पानावर सिस्टरनी न्यायालयात अर्ज केला.

पुढचे दोन महिने त्या घराने कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. कचेरीत नवऱ्याशी कोणी जेवायला बसेना. पटपटे रस्त्यात दिसले की पलीकडच्या फुटपाथवर जात. शाळेत बाईंना नोटीस आली आणि चौकशी होईपर्यंत घरी बसवले. सिमेंटवाल्यांनी भाषणात 'काही शिक्षित बायका' असा उल्लेख केला. सिस्टर मात्र एक दिवसाआड सव्वासातला येत राहिल्या. जखम धूत, मोजत, लिहीत आणि जात. चहाला थांबत नसत. बाई पाणी गरम करून ठेवत आणि स्वयंपाकघराच्या दारातच उभ्या राहत. त्या दोघींमधले बोलणे त्या पाण्यापुरतेच उरले होते.

सुनावणीच्या दिवशी न्यायाधीशांनी सीलबंद पेटी आणवली. सगळे गठ्ठे सोडायला लावले. या वॉर्डात कदाचित पहिल्यांदाच एकेक कागद उजेडात धरून मोजला गेला. सकाळी अकराला सुरू झालेले काम दुपारी साडेतीनला संपले. मोजताना तिथल्या कारकुनांची बोटे खरोखरच दुखली. मागच्या बाकावर सासरे काठी टेकून बसले होते. 'येऊ नका' म्हटले तरी आले होते. त्यांची नजर कारकुनांच्या बोटांवरून हलत नव्हती.

शिडीच्या अकराव्या गठ्ठ्यात, सगळ्यात खाली, किटलीचा एक कागद निघाला. एकच. बाकी सगळे बरोबर होते. शिडी आठशे ऐंशी, किटली आठशे त्र्याहत्तर. सात मतांनी सिमेंटवाले निवडून आले होते, ते निवडून आलेलेच राहिले.

बाहेर आवारात सिमेंटवाल्यांची माणसे मोठमोठ्याने हसत होती. नवरा पांढऱ्या चेहऱ्याने भिंतीला टेकला होता. एका कागदासाठी एवढे सगळे, हे तो बोलला नाही, पण ते त्याच्या तोंडावर लिहिलेले होते. बाई खाली मान घालून उभ्या राहिल्या. दवाखाना जाणार होता. हमरस्ता ओलांडून म्हातारी माणसे, दिवस भरलेल्या बायका पलीकडे जाणार होत्या. आपण बोललो त्याचा कुणाला काय उपयोग झाला, हेच त्यांना कळेना.

सिस्टर त्यांच्याजवळ आल्या. दोन महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी बाईंच्या खांद्यावर हात ठेवला.

"आता मी हरले," त्या म्हणाल्या. "आधी हरलेय का नाही तेच कळत नव्हतं. पुढच्या वेळी पुन्हा उभी राहायला मला हे कळायला हवं होतं." मग म्हणाल्या, "मी तुम्हाला माफ केलंय असं समजू नका. वेळ लागेल. पण उद्या चहा ठेवा."

घरी जायला रिक्षा केली. अर्ध्या वाटेवर सासरे एकाएकी म्हणाले, "सायकलवाल्याच्या दुकानाशी थांबव."

"बाबा, पाय सुजलाय तुमचा."

"थांबव म्हणतो ना."

सायकल दुरुस्तीचे ते दुकान चौकातच होते. नवरा रिक्षातच बसून राहिला. बाईंनी सासऱ्यांचा दंड धरला आणि त्यांना हळूहळू उतरवले. चालता चालता, बाईंना ऐकू जाईल इतक्याच आवाजात ते बोलले. सव्वीस वर्षांपूर्वी हा सायकलवाला निवडणुकीत चार मतांनी पडला होता. त्यानेही फेरमोजणी मागितली होती. त्या दिवशीही गठ्ठेच मोजले आणि त्याने हेडक्लार्कला विचारले होते, 'मोजलंत ना?' त्यानंतर या माणसाने कधी मत दिले नाही. घरातल्या कुणाला देऊ दिले नाही. मुले मोठी झाली, सुना आल्या, नातू मतदार झाला. त्या घरातली सात मते सव्वीस वर्षांत एकदाही पेटीत पडली नव्हती. "यादीत खूण करताना दर वेळी त्या घरची नावं कोरी दिसायची मला," सासरे म्हणाले. "मी पान उलटायचो."

सायकलवाला बसून चाक फिरवत त्याचा बाक काढत होता. केस पांढरे झालेले, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. त्याने वर बघितले आणि ओळखले. उठला नाही.

"हेडक्लार्कसाहेब. इकडे कुठे?"

सासरे काठीवर भार देऊन उभे होते. 

"ती फेरमोजणी," ते म्हणाले. "तुझी. आम्ही मोजलं नव्हतं. चिठ्ठ्यांवर सह्या आधीच केल्या होत्या, माझीही होती त्यात. तू विचारलंस तेव्हा मी 'हो' म्हटलं. ते खोटं होतं."

सायकलवाल्याच्या हातातले चाक फिरत होते. ते थांबेपर्यंत तो चाकाकडेच बघत राहिला. मग शेजारचा स्टूल पायाने पुढे सरकवला. "बसा. पायाला लागेल."

सासरे बसले.  रस्त्यावरून शाळा सुटलेली मुले जात होती.

"मग मी त्या वेळी जिंकलो होतो का?" शेवटी सायकलवाल्याने विचारले.

त्याने हे भांडून विचारले नाही. एखाद्याने हरवलेल्या माणसाची खबर विचारावी तसे विचारले. बावीस निवडणुकांत एकदाही आकडा न चुकलेला तो हेडक्लार्क त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. सिस्टरचे कागद पेटीत होते, म्हणून सिस्टरला उत्तर मिळाले. याचे कागद नियमाप्रमाणे सहा महिन्यांनी जाळून टाकले होते, आणि त्या जाळण्याच्या पंचनाम्यावरही दोन सह्या होत्या.

"माहीत नाही," सासरे म्हणाले. "आता कुणालाच कळणार नाही."

सायकलवाल्याने मान हलवली आणि पुन्हा चाक हातात घेतले. बाई तिथेच उभ्या होत्या. पुढच्या महिन्यात त्यांची चौकशी होती, आणि तिथे आपल्या एका कागदाचेच नाही, तर आधीच केलेल्या सगळ्या सह्यांचे सांगायचे, हे त्यांचे आता पक्के ठरले होते.